जुनी स्पोर्ट्स कार की जुनी लक्झरी सेडान: सातारा-सांगलीत दोन गाड्या समोरासमोर तपासायचा बरोबर क्रम

"जुनी एसएलके घेऊ का जुनी ई-क्लास?" म्हणजे मर्सिडीजची दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊ का तिचीच मोठी सेडान, असं विचारणारे आपल्याकडं बरेच आहेत आणि विचारणारा बहुतेक वेळा दोन्ही गाड्या चालवून आलेला असतो. गडबड तिथंच होते. आधी चालवली, मग आवडली, मग टोकन दिलं, मग कागद बघितले आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून बघायचं काम शेवटी किंवा कधीच नाही. क्रम उलटा झाला की तुलना होतच नाही, फक्त आवडलेल्या गाडीसाठी कारणं गोळा होतात. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे, यात टेस्ट ड्राइव्ह सहाव्या टप्प्याला आहे आणि ती तिथंच राहू द्या.

उदाहरणाला दोन गाड्या धरतो. एक १९९६ ची पुण्यात जोडलेली मर्सिडीज ई२२०, म्हणजे डब्ल्यू१२४ बॉडी (हा त्या पिढीच्या ई-क्लासचा कंपनीचा कोड). दुसरी २००८ ची एसएलके, आर१७१ बॉडी, दोन सीट आणि पत्र्याचं छत घडी होऊन डिकीत जाणारी. तुमची जोडी पोर्शेची बॉक्स्टर आणि मर्सिडीजची जुनी एस-क्लास असेल किंवा बीएमडब्ल्यूची झेड४ आणि जुनी सेव्हन सिरीज असेल, क्रम तोच ठेवायचा, फक्त दुखणी बदलतात.

तयारी

एक वही घ्या, डावीकडच्या पानावर एक गाडी, उजवीकडं दुसरी, आणि प्रत्येक गोष्ट दोन्हीकडं लिहायची. मोबाईलवरचे फोटो ठेवा पण वही पाहिजेच, फोटो नंतर कोण बघत नाही. सोबत चांगला टॉर्च, कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, मल्टिमीटर, जुना पुठ्ठा आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर. स्कॅनर नसला तर मेकॅनिककडं असतो. मेकॅनिक असा घ्या ज्याला यातल्या कुठल्याच गाडीच्या विक्रीत कमिशन नाही, आणि त्याचा दिवस मोडणार आहे तर त्याला त्याचे पैसे आधी ठरवून द्या.

"मॉडेल विरुद्ध मॉडेल" ही तुलना करू नका. जगातली सगळ्यात चांगली एसएलके आणि जगातली सगळ्यात चांगली ई-क्लास तुम्हाला मिळणार नाहीये, तुमच्यासमोर दोन ठराविक गाड्या आहेत, त्या दोन नंबर प्लेटांची तुलना करायची.

टप्पा १: आधी आपला वापर लिहून काढा

गाडीत कोण बसणार, कुठं उभी राहणार, महिन्यातून किती वेळा निघणार, ही तीन उत्तरं गाडी बघायच्या आधी वहीत पाहिजेत. घरात गुडघेदुखीवाली आई असेल तर एसएलकेत तिला बसवणं आणि उठवणं दोन्ही त्रासाचं आहे, हे घरी बसून कळत नाही, तिला नेऊन बसवूनच बघा. डब्ल्यू१२४ ची मागची सीट मोठ्या माणसांसाठीच बनवल्यासारखी आहे.

पार्किंगला छप्पर आहे का? साताऱ्याच्या पश्चिमेकडं पावसाळा लांबतो, चार महिने ओल राहते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या उघड्या छताच्या गाडीचे रबर सील आणि आतली गादी लवकर खराब होते. सांगलीत नदीकाठच्या भागात घर असेल तर अजून एक प्रश्न लिहा: कृष्णेचं पाणी वाढलं तर ही गाडी स्वतःच्या चाकावर त्याच दिवशी उंचावर जाऊ शकेल का? महिनाभर बॅटरी काढून ठेवलेली गाडी पुराच्या रात्री चालू होत नाही.

माझं मत सरळ आहे. घरात ही एकच गाडी असणार असेल तर स्पोर्ट्स कारचा विचार इथंच थांबवा. रोजची गाडी वेगळी असेल आणि बंद पार्किंग असेल तरच पुढं तुलना करण्यात अर्थ आहे.

टप्पा २: कागद

गाडी बघायला जायच्या आधी आरसीचा फोटो मागवा. फोटो पाठवायला कां-कूं करणाऱ्याकडं जाऊच नका. नंबर परिवहनच्या ॲपवर टाकून मालकाचं नाव, आरसीची मुदत, बोजा (कर्जाची नोंद), विमा, पीयूसी बघा आणि ई-चलनही वेगळं तपासा.

आता खरा फरक इथं येतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून साध्या कारला त्याची फी ५,००० रुपये आहे आणि इम्पोर्टेड गाडीला ४०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांची फी अजून वाढली, कारला १०,००० आणि इम्पोर्टेड चारचाकीला ८०,०००. आपली ई२२० पुण्यात जोडलेली, एसएलके बाहेरून तयार आलेली, म्हणजे एकाच बोधचिन्हाच्या दोन गाड्या आणि सरकारी फीमध्ये एवढी तफावत. यावर जीएसटी आणि पर्यावरण कर वेगळा. मुदत संपून गेली असेल तर दर महिन्याला ५०० रुपये लेट फी चढते. २००८ च्या गाडीचं पहिलं नूतनीकरण २०२३ मध्ये व्हायला पाहिजे होतं, ते झालंय का ते बघा. १९९६ च्या गाडीची २०११, २०१६, २०२१ अशी साखळी लागते आणि २०२६ चं नूतनीकरण कोण करणार ते सौद्याआधी ठरवा, कारण तो खर्च बोलण्यात कुणीच काढत नाही.

इशारा: दिल्लीच्या स्वस्त गाड्या. तिथं एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशाने १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली म्हणून त्या कमी भावात बाहेर निघाल्या, गाडी खराबच असते असं नाही. पण एनओसी (ना-हरकत दाखला) कुठल्या आरटीओच्या नावाची आहे ते बघा. एमएच-११ सातारा, एमएच-५० कराड, एमएच-१० सांगली. दुसऱ्याच आरटीओची एनओसी असेल तर हेलपाटे सुरू होतात. महाराष्ट्रात किती टॅक्स बसणार हे एजंटच्या तोंडी आकड्यावर ठेवू नका, आरसीची कॉपी घेऊन स्वतः आरटीओत जाऊन विचारा आणि आकडा वहीत लिहा.

"व्हिंटेज करून घेऊ" असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांवरच्या गाडीलाच मिळते, यातली एकही गाडी त्यात बसत नाही.

तपासणी: चेसिस नंबर आरसीवर आणि गाडीवर आकडा-आकडा जुळवायचा. तो नंबर वहीत लिहून ठेवा, पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

टप्पा ३: पार्ट आणि गॅरेजची फोनाफोनी

हा टप्पा लोक सरळ गाळतात, खरं तर अर्धा निकाल इथंच लागतो आणि खर्च फक्त फोनचा.

दोन्ही गाड्यांसाठी प्रत्येकी पाच पार्ट लिहा. ई२२० साठी: इंजिनचं वायरिंग हार्नेस, पुढच्या सस्पेन्शनचे बॉल जॉइंट, एसी कॉम्प्रेसर, पुढची काच, गिअरबॉक्सचा फिल्टर आणि गॅस्केट. एसएलकेसाठी: छताचे हायड्रॉलिक सिलिंडर, टायमिंग चेन किट, हेडलाइट, पुढची काच, छताचे रबर सील. चेसिस नंबर देऊन विचारा, नुसतं मॉडेल सांगून मिळालेला भाव कामाचा नाही. पुण्यात नाना पेठेत विचारा, मुंबईत कुर्ल्याला विचारा, कंपनीच्या काउंटरला विचारा. प्रत्येक पार्टपुढं भावाबरोबर तीन गोष्टी लिहा: नवा मिळतो का, वापरलेला मिळतो का, किती दिवसांत येतो. भावापेक्षा दिवस महत्त्वाचे, एका हेडलाइटसाठी तीन महिने उभी राहिलेली गाडी नंतर दहा वेगळी दुखणी काढते.

टायर पण याच वेळी विचारून घ्या. ई२२० ला १९५/६५ आर १५ हे माप लागतं, ते सांगलीत कुठल्याही चांगल्या दुकानात मिळून जातं. एसएलकेला पुढं २२५/४५ आणि मागं २४५/४० आर १७, म्हणजे पुढचे मागं फिरवता येत नाहीत, मागचे आधी झिजतात आणि मोजकेच ब्रँड मिळतात. बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांत पूर्ण मापाची स्टेपनी नसते. कास पठारावर किंवा चांदोलीच्या रस्त्याला साइडवॉल फाटली तर पंक्चर किट काही करू शकत नाही, तिथं गाडी उचलून आणायला कोण येणार त्याचा नंबर पण वहीत पाहिजे.

गॅरेजचं म्हणाल तर, ई२२० चं यांत्रिक काम आपल्याकडच्या जुन्या हुशार मिस्त्रीला समजतं, आणि इंजिन उघडायची वेळ आली तर बोरिंग, हेड फेसिंग असली मशिनची कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरात होऊन जातात. एसएलकेला मात्र नीट स्कॅनर आणि त्या गाडीवर आधी हात बसलेला माणूस पाहिजे, त्यासाठी पुणे नाहीतर कोल्हापूर धरून चाला.

टप्पा ४: गार इंजिन

मालकाला आदल्या दिवशी सांगा की गाडी सकाळपासून चालू करायची नाही. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर भांडू नका, "संध्याकाळी येतो" म्हणून निघा, पण संध्याकाळी पण गरम असेल तर ती गाडी लपवाछपवीची आहे असं समजून यादीतून काढा.

चालू करायच्या आधी ऑईल आणि कूलंट बघा. ऑईलच्या झाकणाखाली दुधी साका असेल, किंवा कूलंटवर तेलाचा तवंग असेल, तर तेल आणि पाणी एक झालंय, पुढं बघायची गरज नाही. कूलंटच्या जागी साधं पाणी भरलेलं असेल तर तेही लिहा, आपल्याकडं हे फार चालतं आणि जर्मन गाडीचं रेडिएटर त्यानं आतून खराब होतं.

मग एक जण मागं उभा राहील, एक जण बॉनेटपाशी. चालू होताना क्षणभर निळा धूर आला तर बऱ्याचदा व्हॉल्व्हचे सील गेलेत, हे परवडण्यासारखं दुखणं आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केटचा संशय. एसएलके २०० कॉम्प्रेसर (हे मॉडेलचं नाव, एसीचा कॉम्प्रेसर नव्हे) असेल तर सुरुवातीच्या सेकंदांत टायमिंग चेनचा खडखडाट ऐका. एसएलके २८० किंवा ३५० असेल आणि इंजिन २००४ ते २००६-०७ च्या आसपासचं असेल तर बॅलन्स शाफ्टचा गिअर झिजण्याचं दुखणं त्या व्ही-६ ला आहे, त्याच्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागतं, स्कॅनरवर कॅमशाफ्टच्या पोझिशनचे कोड दिसले तर थांबा. २००८ पर्यंतची बॉक्स्टर बघत असाल तर इंजिनमधल्या आयएमएस बेअरिंगचं काय काम झालंय याचं बिल मागा, तोंडी उत्तर चालणार नाही.

ई२२० मध्ये वेगळंच. नव्वदच्या दशकातल्या पहिल्या अर्ध्या काळात मर्सिडीजनं वापरलेल्या इंजिन वायरिंगचं कव्हर उष्णतेनं कडक होऊन तुकडे पडतात, आतली तार उघडी पडते आणि मग गाडी कधी मिसिंग करते, कधी बंद पडते, आणि मिस्त्री नुसते सेन्सर बदलत बसतात. टॉर्च घेऊन इंजिनच्या जोडण्यांपाशी वायर हलकेच वाकवून बघा. कव्हर मऊ असेल किंवा हार्नेस बदलल्याचं बिल असेल तर ही गाडी दोन पावलं पुढं गेली म्हणून वहीत लिहा.

इशारा: स्कॅनरची तुलना समान नाही. एसएलकेला स्कॅनर लावायचा नेहमीचा ओबीडी सॉकेट आहे, ती सगळं सांगते. डब्ल्यू१२४ ला तो सॉकेटच नाही, तिथं कोड दिसला नाही म्हणजे गाडी निरोगी असा अर्थ काढू नका. एसएलकेचे कोड आदल्या दिवशी पुसलेले असू शकतात, म्हणून टेस्ट ड्राइव्हनंतर परत एकदा स्कॅन लावा.

पेट्रोलबद्दल एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आपल्याच साखर पट्ट्यात त्यातलं बरंच तयार होतं, त्याचा मला आनंदच आहे, पण तीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत ते साठतं. म्हणून इंधनाचे सगळे पाइप हातानं दाबून बघा, भेगा किंवा पेट्रोलचा वास असेल तर गाडी घेतल्यावर पहिलं काम तेच. ही आगीची जोखीम आहे, नंतर बघू म्हणायची गोष्ट नाही.

टप्पा ५: गंज, पुराचं पाणी, छत

सांगली-कोल्हापूर भागातली गाडी असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात ती कुठं होती हा प्रश्न स्पष्ट विचारा. उत्तर काही येऊ दे, तपासणी करायचीच. सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, पट्ट्याच्या शेवटच्या भागात गाळाची रेघ राहते. कार्पेटचा कोपरा उचलून खाली हात घाला, सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात मातीचा बारीक थर आहे का बघा. एसएलकेसारख्या गाडीत काही इलेक्ट्रॉनिक्स आणि पंप खाली, डिकीकडं असतात, तिथं पाणी गेलेलं असेल तर ती फुकट दिली तरी महाग.

ई२२० मध्ये गंजासाठी जॅक लावायच्या जागा, पुढच्या फेंडरचा खालचा भाग, बॅटरीखालचा पत्रा आणि मागच्या स्प्रिंगची बैठक. चुंबक फिरवा, जिथं धरत नाही तिथं खाली पुट्टी आहे. मात्र सगळ्या स्पोर्ट्स गाड्यांवर हे चालत नाही, फायबर किंवा ॲल्युमिनियमच्या पार्टवर चुंबक धरणारच नाही, तिथं पॅनेलमधल्या फटी सारख्या आहेत का ते बघा.

एसएलकेचं छत तीन वेळा उघडा, तीन वेळा बंद करा, इंजिन चालू ठेवून, नाहीतर बॅटरी बसते. मधे अडकलं, झटका दिला किंवा हायड्रॉलिक तेलाचा ओघळ दिसला तर टप्पा ३ मधला सिलिंडरचा भाव काढा. छत बंद करून दहा मिनिटं पाइपनं पाणी मारा, मग डिकीच्या तळाला हात लावा. हे विक्रेत्याच्या दारात करायला संकोच वाटतो, तरी करा.

टप्पा ६: आता चालवा

आधी एक गोष्ट करा जी कुणी करत नाही. ज्या रस्त्यावर टेस्ट घेणार तिथं स्वतःची रोजची गाडी नेऊन आणा. त्यानं कान आणि कंबर दोन्ही जागेवर येतात, नाहीतर रोज हॅचबॅक चालवणाऱ्याला कुठलीही जुनी मर्सिडीज सरकारी विश्रामगृहाच्या गादीसारखी मऊ वाटते आणि तिचे गेलेले सस्पेन्शनचे रबरी बुश लक्षातच येत नाहीत.

दोन्ही गाड्यांना रस्ता एकच, शक्यतो दिवस एकच, चालवणारा एकच. साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट चढून वर जा, खाली उतरा, मग महामार्गाला लागून लिंब खिंडीपर्यंत. घाटात चढताना तापमान, गिअर आणि वळणावरचे आवाज कळतात, उतरताना ब्रेक कळतात. ई२२० चा तापमानाचा काटा ८० ते १०० च्या मधे रेंगाळला तर घाबरू नका, त्याच्या वर चढत राहिला तर थांबा. सांगलीत घाट नाही, म्हणून दुपारच्या उन्हात एसी लावून सांगली-मिरज रोडच्या ट्रॅफिकमधे रखडा, आणि मग पेठ नाक्याच्या दिशेनं मोकळ्या रस्त्याला पळवा. ऊस गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं असतोच, त्याला मागं टाकताना ऑटोमॅटिक गिअर खाली पडायला किती वेळ लावतो ते दोन्ही गाड्यांत बघा.

ऑटोमॅटिक गाडी थांबवून ब्रेकवर पाय ठेवून ड्राइव्हमधून रिव्हर्सला टाका. गिअर धरायला उशीर लागला किंवा धप्पकन झटका बसला तर लिहा. डब्ल्यू२११ म्हणजे नंतरच्या पिढीच्या ई-क्लासच्या सुरुवातीच्या गाड्या बघणाऱ्यांनी एसबीसी या इलेक्ट्रॉनिक ब्रेकची नोंद वेगळी घ्या, त्या युनिटचं आयुष्य मोजूनच दिलेलं असतं आणि ते बदललंय का ते कागदावर बघायचं.

शेवटची चाचणी स्पीड ब्रेकरची. गावातला सगळ्यात उंच ब्रेकर निवडा, ई२२० मध्ये चार माणसं बसवून आणि एसएलकेत दोन, हळू तिरकी घेऊन पार करा. मग तुमच्याच घराच्या गेटचा उतार. बंपरचा पुढचा ओठ घासला तर पुठ्ठ्याच्या कडेनं किती कमी पडतंय ते मोजा. गेटचा उतार फोडून परत बांधायचा खर्चही स्पोर्ट्स कारच्याच पानावर जातो.

टप्पा ७: पहिल्या वर्षाचा हिशोब आणि भाव

आता वहीचे दोन्ही पानं समोरासमोर ठेवा. विक्रेत्याचा भाव खाली लिहा, त्यात नूतनीकरण फी, टॅक्स, विमा, टायर, बॅटरी, सगळी ऑइलं आणि कूलंट, पाइप आणि बेल्ट, आणि तपासणीत निघालेलं प्रत्येक काम मिळवा. टायरवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, नक्षी कितीही चांगली असली तरी सहा-सात वर्षांपुढचे टायर नवीन घ्यायचे असं धरूनच हिशोब करा. बॅटरी मल्टिमीटरवर बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत १४ च्या आसपास पाहिजे.

विम्यात जुन्या गाडीची किंमत कंपनी फार कमी धरते, म्हणून पूर्ण विमा परवडत नसेल तरी थर्ड पार्टी आणि आग-चोरीचं बघाच. १५०० सीसीच्या वरच्या कारला जून २०२२ च्या दरानं थर्ड पार्टी ७,८९७ रुपये, दोन्ही गाड्या त्यातच येतात, इथं फरक पडत नाही.

ज्या गाडीची बेरीज कमी ती घ्या असं मी म्हणत नाही. पण खरेदीच्या किमतीच्या निदान तीस टक्के रक्कम हातात शिल्लक राहत नसेल तर ती गाडी तुम्हाला परवडत नाही, मग ती कुठलीही असो. स्पोर्ट्स कारला मी हा आकडा चाळीस धरतो, कारण तिचा पार्ट येईपर्यंतचा वेळ पण पैशातच मोडतो.

टप्पा ८: सौदा

टोकन देताना साध्या कागदावर लिहून घ्या: चेसिस नंबर, ठरलेला भाव, कुठली थकबाकी आणि चलनं कोण भरणार, एनओसी किंवा नूतनीकरण झालं नाही तर टोकन परत. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, परजिल्ह्यातली किंवा परराज्यातली असेल तर एनओसीचा फॉर्म २८. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "नंतर भरतो" हे दोन्ही बाजूंना धोक्याचं आहे, सगळे रकाने तिथंच भरा. पूर्ण रक्कम बँकेतूनच द्या.

गाडी घरी आली की फिरायला काढायच्या आधी इंधनाचे पाइप, ब्रेक ऑईल आणि कूलंट बदला, जुन्या सुरक्षा नसलेल्या नंबर प्लेट असतील तर एचएसआरपी म्हणजे सुरक्षा नंबर प्लेट बसवा. ट्रान्सफरचा अर्ज ३० दिवसांच्या आत टाका, आणि परिवहनच्या ॲपवर तुमचं नाव दिसेपर्यंत विक्रेत्याच्या ओळखपत्राची कॉपी, टोकनचा कागद आणि ती वही एकाच फाइलमधे ठेवा.